तर्जनी

ओब्राकच्या पठारावर धुकं उतरलं
की रस्ता, गाई, दगडी कुंपणं
एका दमात नाहीशी होतात.
अशा रात्री चर्चची घंटा वाजवत राहायची,
जो कोणी बाहेर अडकला असेल त्याच्यासाठी.
तो आपल्या गावचा की परका, हे न विचारता.

दोर ओढायला फादर आन्सेल्म विदालांक स्वतः जायचे.
मी तेरा वर्षांचा, मिस्सेला पाणी आणि द्राक्षरस देणारा पोर.
मला म्हणायचे, फिर्मां, टोले मोजू नकोस,
मोजले की हात जास्त दुखतात.

जोडे कायम शेणाने माखलेले.
सशाच्या शिकारीचा फार नाद.
कुमसार ऐकताना त्यांना झोप लागते,
अशी बायकांची तक्रार होती.
खरी होती. जाळीमागचं घोरणं मी ऐकलंय.

ऑगस्टात पोलिसाने दारावर कागद चिकटवला.
आमच्या देशात तेव्हा झग्याला सूट नव्हती.
लोहार, पाववाला, पाद्री एकाच यादीत,
आडनावांच्या क्रमाने.
विदालांक सगळ्यांत शेवटी.
त्यांनी झग्याची घडी घालून उलालीबाईंच्या हाती दिली
आणि लाल विजार चढवली. आखूड होत होती.
गाव हसलं, तेही हसले.
मग एकदम कोणीच हसेना.

दीक्षेच्या दिवशी बिशपने म्हणे
त्यांच्या अंगठ्यांना आणि तर्जन्यांना तेल लावलं होतं.
त्याच दोन बोटांत ते पवित्र भाकर उचलायचे,
आणि नंतर, हात धुवेपर्यंत,
ती चिमूट उघडायची नाहीत.
पान उलटायचं तर उरलेल्या तीन बोटांनी.
घरी चीज खाताना मी त्यांची नक्कल करायचो,
आईचा मार खायचो.

पहिलं पत्र पेन्सिलीने लिहिलेलं:
"इथे पोरं मला फादर म्हणतात, सार्जंट नेमबाज म्हणतो.
मी दोघांनाही ओ देतो.
बंदूक तर्जनीने चालते. मधल्या बोटाने करून पाहिलं,
तरी नेम चुकला नाही.
बोट बदलून काही होत नाही, एवढं कळलं."

दुसरं, आणि शेवटचं:
"मिस्सा करायचं सोडलंय.
कर्नल म्हणाला, मागे जा, जखमींना पट्ट्या बांध.
मी नाही म्हणालो.
का, ते मलाच अजून सांगता आलेलं नाही.
धुकं पडलं की घंटा वाजवतोस ना?"

पुढचं बास्तीदने सांगितलं, एक पाय तिकडेच ठेवून आल्यावर.
मार्चमधली पहाट. तारांच्या मधे आमची टोळी वाट चुकलेली.
हात पुढे केला तर हात दिसत नव्हता.
विषारी वायूच्या इशाऱ्यासाठी
तोफगोळ्याचं रिकामं पितळ टांगलेलं असतं,
फादर त्यावर संगिनीने ठोके देत बसले.
थांब म्हटलं तरी थांबेनात.
आवाजाच्या रोखाने आमचे पाच जण परत आले
आणि त्यांचे दोन, हात वर करून,
तेही हरवलेलेच.
मग त्याच आवाजाच्या रोखाने तोफही आली.

दुसऱ्यांदा सांगताना त्याने दोनाचे तीन केले.
तिसऱ्यांदा फादर प्यायलेले होते.
मी खरंखोटं करत बसलो नाही.

चौकातल्या दगडावर नावं कोरायची वेळ आली
तेव्हा वाद झाला: 'फादर' लिहायचं की 'शिपाई'?
पाथरवट अक्षरामागे पैसे घ्यायचा.
शेवटी नुसतंच विदालांक,
तळाला, जिथे बर्फ सगळ्यांत उशिरा वितळतं.

झगा कसरीने खाल्ला असता.
उलालीबाईंनी उसवून मला त्याचा कोट शिवला.
खिशात निघालं काय, तर सशाच्या फासाची तार
आणि पेपरमिंटची एक गोळी, चिकटलेली.
गोळी मी खाल्ली.

आता माझे गुडघे त्यांच्याहून म्हातारे आहेत.
मोटारी आल्या, त्यांना दिवे आले,
घंटेची कोणाला गरज उरलेली नाही.
तरी धुकं पडलं की मी दोर धरतो,
मधल्या बोटाने, अनामिकेने, करंगळीने.
हात दुखतात.
मी मोजतो.